डिस्चार्ज कार्डावरच्या वेदनाशामक गोळ्या: त्या चार ओळींमागचा इतिहास

शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर वेदनेसाठी साधारण चार ओळी असतात. पॅरासिटामॉल ठरावीक तासांनी. अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी जेवणानंतर. जठरातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल सकाळी उपाशीपोटी. आणि 'एसओएस' म्हणजे गरज पडली तर अफूजन्य औषधांसारखं काम करणारं ट्रॅमाडॉल. घरी गेल्यावर मात्र या चारही ओळींना एसओएस लागतं. 'दुखलं तर घेऊ, उगाच गोळ्या कशाला' असं म्हणत पहिले दोन दिवस रुग्ण दात आवळून काढतो आणि तिसऱ्या रात्री एकदम तीन गोळ्या घेतो. ही सवय घरातच जन्मली असं नाही. शंभरेक वर्षं रुग्णालयांनीही असंच केलं.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि चाकूखालच्या वेदनेचा प्रश्न सुटला. भूल उतरल्यावरच्या वेदनेकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. १८५३च्या सुमारास इंजेक्शनची पोकळ सुई आली, तिच्यातून अफूपासून मिळणारं मॉर्फिन देता येऊ लागलं, आणि पुढे एक पद्धत रुळली: दहा मिलिग्रॅम मॉर्फिन स्नायूत, चार ते सहा तासांनी, रुग्णाने मागितलं तरच. रुग्ण कळ सोसतो, सिस्टरला बोलावतो, कपाटाची किल्ली शोधली जाते, नोंद होते, इंजेक्शन मिळतं. स्नायूतून औषध रक्तात किती वेगाने उतरेल हे तिथल्या रक्तपुरवठ्यावर ठरतं, म्हणून अर्धा तास काहीच नाही, मग गुंगी, मग पुन्हा कळ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फिलिप सेक्झर या अमेरिकी डॉक्टरने रुग्णाच्या मागणीनुसार थेट शिरेतून लहान-लहान डोस देऊन पाहिले. त्यातून रुग्णाच्या हातात बटण देणारा पंप आला. हल्ली तो एका दाबाला साधारण एक मिलिग्रॅम मॉर्फिन देतो आणि पुढची पाच ते दहा मिनिटं कितीही दाबलं तरी देत नाही. त्याची खरी सुरक्षा वेगळीच आहे: गुंगी आलेला माणूस बटण दाबत नाही. म्हणूनच 'झोपलाय बिचारा, उठल्यावर दुखू नये' म्हणून नातेवाइकांनी ते बटण दाबणं जिवावर बेतू शकतं. वॉर्डात हे प्रत्येक कुटुंबाला स्पष्ट सांगायला हवं.

'दुखेल तेव्हाच' ही पद्धत का फसते, याचं शरीरशास्त्र नंतर कळलं. १९६५मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत कमी-जास्त होतो. १९८३मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की जखमेकडून सतत मारा होत राहिला तर मज्जारज्जूतल्या पेशीच अतिसंवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही झोंबतो आणि तीच वेदना शमवायला जास्त औषध लागतं. चीर देण्याआधी एकदाच औषध दिलं की काम भागेल, अशी आशा काही काळ होती. ती फारशी खरी ठरली नाही. पहिले दोन-तीन दिवस औषधाचा प्रभाव सलग राहणं हे जास्त मोलाचं ठरलं. कार्डावर सहा-सहा तासांच्या वेळा लिहिलेल्या असतात त्या यासाठी.

पहिल्या ओळीतलं पॅरासिटामॉल १८९३मध्येच माणसांवर वापरून झालं होतं, पण ते रक्ताला अपायकारक असल्याच्या संशयावरून बाजूला पडलं. १९४८मध्ये ब्रोडी आणि अ‍ॅक्सलरॉड या शास्त्रज्ञांनी तो संशय दूर केला. मोठ्या माणसाला दर सहा तासांनी ६५० मिलिग्रॅम किंवा १ ग्रॅम, आणि २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर मर्यादा बरीच खाली येते. ती डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावी. चूक होते ती मिश्र गोळ्यांमुळे. कॉम्बिफ्लॅममध्ये ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या 'पी' लावलेल्या गोळ्यांत असतं, ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत असतं, सर्दीच्या गोळीतही असतं. वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांतून तेच औषध चार वेळा पोटात जातं आणि यकृताला इजा झाल्याचं पहिल्या दिवशी कळतही नाही. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचणं हाच उपाय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचं कोडं १९७१मध्ये जॉन व्हेन यांनी सोडवलं. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या कुळातल्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज आणि ठणका कमी होतो. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतं. म्हणून सोबत पॅन्टोप्रॅझोल, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. ते जठर वाचवतं, मूत्रपिंड नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामक असं त्रिकूट जमलं आणि त्यात उलट्यांमुळे पाणी कमी पडलं, तर मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. जठराला इजा न करणारी वेदनाशामक गोळी शोधण्याच्या धडपडीतून रोफेकॉक्सिब आलं, आणि हृदयविकाराच्या झटक्यांचा धोका वाढतो असं दिसल्यावर २००४मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. त्याच गटातलं एटोरिकॉक्सिब आपल्याकडे सर्रास मिळतं. हृदयरुग्णाने ते स्वतःहून घेऊ नये. या कुळातल्या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो.

चौथी ओळ सगळ्यात वादाची. १९८०मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं: रुग्णालयात अफूजन्य औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली. रुग्णालयातल्या देखरेखीखालच्या वापराची ती नोंद पुढे घरी महिनोन्‌महिने गोळ्या देण्याचं समर्थन म्हणून शेकडो वेळा उद्धृत झाली. १९९६मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य औषध तिथे बाजारात आलं, २००१मध्ये वेदनेची नियमित मोजणी रुग्णालयांच्या मान्यतेच्या निकषांत शिरली, आणि साध्या शस्त्रक्रियेनंतरही गोळ्यांच्या भरलेल्या बाटल्या घरी जाऊ लागल्या. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, आधी कधी अशी औषधं न घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६ टक्के लोक शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटले तरी ती घेत होते. शस्त्रक्रिया छोटी असो वा मोठी, प्रमाण जवळपास तेच.

भारताची चूक याच्या नेमकी उलटी. गाझीपूर आणि नीमच इथे सरकारी अफू कारखाने, कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपली गणना, आणि तरीही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. कडक शिक्षा, राज्याराज्यांत वेगळे परवाने, नोंदीतल्या चुकीची भीती. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेन्टानिलसह सहा औषधांचे नियम देशभर एकसारखे करण्याची वाट खुली झाली. मधल्या काळात ती पोकळी ट्रॅमाडॉलने भरली, कारण ते या कायद्याबाहेर होतं. एप्रिल २०१८मध्ये तेही कायद्याखाली आलं. एका देशाने औषध वाटलं, दुसऱ्याने कुलूपबंद केलं. दोन्हीकडे रुग्णाला किती, कधी आणि कुठवर हे कोणी नीट सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

ट्रॅमाडॉल सहसा ५० मिलिग्रॅमने सुरू होतं. यकृतात त्याचं रूपांतर झाल्यावरच त्याचा बराचसा परिणाम होतो आणि हे रूपांतर माणसागणिक वेगळं असतं. म्हणून एकाला मळमळीशिवाय काही मिळत नाही, दुसरा गाढ गुंगीत जातो. फिट येणाऱ्यांना ते धोक्याचं, नैराश्याच्या काही गोळ्यांसोबतही. झोपेची गोळी किंवा दारू सोबत नकोच. २०१७मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने १२ वर्षांखालील मुलांना कोडीन (तेही अफूजन्य) आणि ट्रॅमाडॉल देऊ नये असं बजावलं आणि स्तनपान देणाऱ्या मातांनाही इशारा दिला, तेव्हा सिझेरियननंतर हे नाव कार्डावर दिसलं तर जरूर विचारावं. बद्धकोष्ठ जवळपास ठरलेलं असतं. त्यावर नुसत्या इसबगोलाने भागत नाही. पाणी कमी पडलं तर उलट गच्च होतं. पहिल्या दिवसापासून मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोज किंवा आतड्याला चालना देणारी गोळी विचारून घ्यावी.

या सगळ्याची मोट बांधली डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी. १९९३मध्ये त्यांनी यर्गेन डाल यांच्यासोबत मांडलं की वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं एकत्र दिली तर प्रत्येकाचा डोस आणि त्रास कमी होतो. दाढ काढण्यासह वेगवेगळ्या शस्त्रक्रियांनंतरच्या चाचण्यांनी हे आकड्यांत दाखवलं. आकडा जितका लहान, तितकं औषध प्रभावी. वेदना निम्म्याने कमी झालेला एक जास्तीचा रुग्ण मिळवायला, नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत, ६० मिलिग्रॅम कोडीन सुमारे १२ जणांना द्यावं लागतं, १ ग्रॅम पॅरासिटामॉल साडेतीन जणांना, ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन अडीच जणांना, आणि पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन एकत्र दिली तर दीड. साध्या गोळ्यांना 'हलकं औषध' म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

केलेट यांचं उद्दिष्ट शून्य वेदना हे नव्हतं. रुग्ण खोकू शकतो का, उठून चालू शकतो का, जेवू शकतो का, हे होतं. दुखतं म्हणून श्वास उथळ राहिला की छातीत कफ साचतो. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यामुळे गुडघा बदलल्यावर व्यायामाच्या पाऊण तास आधी गोळी घ्यावी, पोटाचे टाके असतील तर उशी पोटाशी दाबून खोकावं. नस बधिर करणारं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते साधारण १२ ते २४ तासांत उतरतं, बहुधा रात्री, आणि एकदम. मुंग्या येऊ लागल्या की वाट न पाहता पहिली गोळी घ्यावी. औषध कमी करताना आधी ट्रॅमाडॉल सोडायचं, मग सूज उतरवणारी गोळी, शेवटी पॅरासिटामॉल.

वेदना दिवसागणिक उतरायला हवी. उतरलेली पुन्हा चढली, जखम लाल-गरम झाली, पोटरी सुजली, किंवा प्लास्टरमधला हात-पाय गोळी घेऊनही असह्य ठणकत बोटं बधिर होऊ लागली, तर जास्तीची गोळी घेऊन रात्र काढू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावं.