पंपाच्या स्क्रूपासून लॅपटॉपपर्यंत

सिग्नल सुटला, जुनी डिझेल स्विफ्ट काळा ढग सोडून नागपूरच्या वर्धा रोडला लागली, की मागच्या बाईकवरून हमखास ऐकू येतं, "काहून बे, मॅप मारली का यानं?"

मॅप मारणं म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली डिझेलची सेटिंग बदलून ताकद वाढवणं. ही खाज जुनीच आहे. पूर्वी डिझेल गाड्यांना मेकॅनिकल पंप असे. मिस्त्री त्याचा स्क्रू थोडा आत घ्यायचा, डिझेल वाढायचं, पिकअप वाढायचा आणि धूरही. हवा तेवढीच राहिली तर जादा डिझेल पुरतं जळणार कसं? त्याची काजळीच होणार.

हवा वाढवण्याची युक्ती स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीची, पेटंट १९०५ चं. बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची. जहाजं आणि ट्रक करत हा टर्बो छोट्या गाड्यांत उतरला. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल, आलं, डिझेलचं माप ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवू लागला आणि स्क्रूची जागा लॅपटॉपने घेतली.

फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट हे डिझेल इंजिन २००३ चं. ते २००७ मध्ये आपल्याकडे स्विफ्टमधून आलं : ७५ अश्वशक्ती, १९० न्यूटन मीटर. मग २००९ ला फियाटचीच लिनिया आली आणि तेवढ्याच सीसीत ९० च्या आसपास अश्वशक्ती देऊ लागली. स्विफ्टवाल्यांच्या डोक्यात किडा शिरला तो इथे. "इंजिन तेच, मग आपल्यालाच १५ कमी का?" पण लिनियाचा टर्बो वेगळा होता, पात्यांचा कोन बदलणारा. तो फरक नुसत्या सॉफ्टवेअरचा नव्हता, आणि ही गोष्ट मॅप विकणारा सहसा सांगत नाही.

त्यात आपला मे महिना. दाब तोच धरला तर १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण १० टक्के हलकी भरते. कंपनीचा मॅप सेन्सरवरून हे ओळखून डिझेल आवरतो. घाईत लिहिलेल्या मॅपमध्ये नेमकी हीच मर्यादा सैल केलेली असते. मग वायू जास्त तापतात. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, झळ त्यालाच बसते. म्हणून जुने ड्रायव्हर लांबून आले की गाडी मिनिटभर आयडलवर ठेवतात, मगच चावी फिरवतात.

कायदाही सैल नाही. गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून आहेच. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत फेरफार नको असं बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बेकायदा बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. २००७ च्या गाड्यांना १५ वर्षं कधीच होऊन गेली, म्हणजे पुनर्नोंदणीला तपासणी चुकत नाही.

माझ्या मित्राच्या गाडीत मॅप मारल्यावर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाईप क्लॅम्पमधून सुटला, कामठी रोडवर, भर दुपारी. मिस्त्रीने पाईपात बोट फिरवलं, तेलाने काळं झालेलं बोट दाखवलं आणि म्हणाला, "आधी टर्बो पाहू, भाऊ."