लॉटला क्रमांक दिला म्हणून डेटा क्लास एंटिटी होत नाही
कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत डोमेन मॉडेल (व्यवहारातील गोष्टींचे कोडमधील रूप) लिहायला घेतले की दिसेल त्या क्लासआधी ‘डेटा’ लावण्याची, म्हणजे फील्ड्स सारखी तर ऑब्जेक्ट समान मानणारा डेटा क्लास करण्याची खोड आता इतकी रुजली आहे की, व्हॅल्यू ऑब्जेक्ट (केवळ मूल्यावरून ओळखले जाणारे) आणि एंटिटी (तपशील बदलले तरी स्वतःची ओळख टिकवणारी) यांच्यातील फरकच पुसला जाऊ लागला आहे. आधी टेस्ट, मग कोड हा क्रम वाचकाला ठाऊक असेलच. तो पाळूनही हा घोळ होतो.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यांचे मॉडेल घ्या. वजन आणि दर ही व्हॅल्यू ऑब्जेक्ट्स, कारण ३० किलो म्हणजे ३० किलो, मग ते कोणाचेही असोत. येथे डेटा क्लास शोभतो. आत एकच घटक असेल तर कोटलिन १.५ पासून स्थिर झालेला व्हॅल्यू क्लास मला अधिक पसंत आहे. दरासाठी बिगडेसिमल हा दशांश आकड्यांचा प्रकार वापरल्यास ४०००.० आणि ४०००.०० हे समानता तपासणाऱ्या ‘इक्वल्स’च्या लेखी असमान ठरतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

खरी अडचण गुळाच्या लॉटपाशी येते. एकाच शेतकऱ्याने एकाच दिवशी सारख्या वजनाचे आणि सारख्या प्रतीचे दोन लॉट आणले आणि ते सेटमध्ये (समान ऑब्जेक्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) टाकले, तर डेटा क्लास त्यांना एकच समजतो व एका लॉटचे पैसे पट्टीतून (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबातून) गायब होतात. यावर ठरलेले उत्तर मिळते: लॉट क्रमांक हे आणखी एक फील्ड घाला. त्याने दोन लॉट वेगळे राहतात का हे पाहणारी टेस्ट हिरवी, म्हणजे यशस्वी, होते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

पुढची टेस्ट लिहावी ती फेरवजनाची. काट्यावर पुन्हा वजन केल्यावर आकडा बदलला, तरी लॉट तोच राहिला पाहिजे. डेटा क्लास मात्र प्रायमरी कन्स्ट्रक्टरमधील (ऑब्जेक्ट तयार करताना द्यायची) सर्व फील्ड्स ताडून पाहतो, त्यामुळे ‘कॉपी’ने तयार झालेला नवा लॉट जुन्याशी असमान ठरतो; आणि वजन ‘व्हार’ (बदलता येणारे) ठेवून जागीच बदलले, तर हॅशकोड, म्हणजे सेट ज्यावरून ऑब्जेक्ट शोधतो तो आकडा, बदलतो आणि सेटमध्ये असलेला लॉट शोधूनही सापडत नाही. क्रमांकाने दोन लॉट वेगळे केले, पण एकच लॉट काळाच्या ओघात एकच राहतो हे मॉडेलला अजून कळलेलेच नाही. नुकताच तयार केलेला ऑब्जेक्ट अपेक्षित ऑब्जेक्टशी ताडणाऱ्या टेस्ट कितीही लिहिल्या, तरी हा दोष त्यांतून बाहेर येणार नाही.

एंटिटीसाठी साधा क्लास घ्यावा आणि ‘इक्वल्स’ व ‘हॅशकोड’ केवळ क्रमांकावरून लिहावेत. फक्त क्रमांक कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवून बाकीची फील्ड्स डेटा क्लासच्या अंगात (कन्स्ट्रक्टरबाहेर) ढकलण्याची युक्ती मला मुळीच मान्य नाही: तुलना बरोबर होते, पण ‘कॉपी’ केली की अंगातील फील्ड्स पुन्हा आरंभीच्या किमतीवर जातात आणि झालेले फेरवजन निमूटपणे पुसले जाते.

या बदलानंतर जुन्या टेस्टही तपासाव्या लागतात. दोन लॉट टेस्टमधील ‘असर्टइक्वल्स’ या तपासणीने समान ठरले, याचा अर्थ आता लॉट तोच आहे एवढाच होतो, त्याचे वजन आणि दर स्वतंत्रपणे तपासले नाहीत, तर चुकीच्या वजनाचा लॉटही ती टेस्ट हिरवी ठेवील.