सातबारा नसला तरी बीएस्सी अ‍ॅग्रीला प्रवेश मिळतो

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की एक निरोप फिरू लागतो: ‘घरचा सातबारा नसेल तर कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही.’

हे खरे नाही. महाराष्ट्रात या चार वर्षांच्या पदवीसाठी बारावी विज्ञान आणि सीईटी हा मुख्य मार्ग आहे. सातबाऱ्याचा संबंध येतो तो पुढे, गुणवत्ता यादी लावताना. जमीनधारक कुटुंबातील मुलांना तिथे जादा भारांक, म्हणजे गुणांत भर, मिळतो. म्हणजे सातबारा असला तर यादीतले स्थान वर सरकते, नसला तर अर्ज बाद होत नाही. कटऑफच्या काठावरच्या मुलाला हा फरक जाणवतो, हेही मान्य करायला हवे.

गैरसमज कुठून आला असावा? मला वाटते, कुळकायद्यातून. 1948 च्या त्या कायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ते घराघरांत माहीत असल्याने शिक्षणालाही तोच नियम असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात कागदपत्रांच्या यादीत सातबारा दिसतोच.

पडताळणी सोपी आहे. प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडा. ‘पात्रता’ आणि ‘भारांक’ ही दोन प्रकरणे वेगवेगळी वाचा. सातबारा दुसऱ्यात सापडेल. मागच्या वर्षीची गुणवत्ता यादीही पाहा. भारांकाच्या रकान्यात काहीच नसलेली नावे त्यात असतात.

आणि नांगर कधी न धरलेल्या मुलांचे काय? शेवटच्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, सगळ्यांनाच गावात, शेतकऱ्यांच्या बांधावर जावे लागते.