राजकीय नाटक युरोपातून आलं? नाही!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नाटकाच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: सामाजिक-राजकीय नाटक ही युरोपची देणगी, आपली जुनी रंगभूमी फक्त पदं गाऊन करमणूक करायची. हा समज चुकीचा आहे.

या समजाला निमित्त आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, ते नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेलं. तिथूनच सगळं सुरू झालं, असं मग मानलं गेलं.

पण जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ १८५५ चं. ज्योतिष सांगणाऱ्या जोश्याच्या भूलथापांना फसलेलं कुणबी जोडपं शेवटी शिकायला निघतं. युरोपच्या सामाजिक नाटकाचं नाव निघालं की आठवतो तो नॉर्वेचा नाटककार इब्सेन; त्याच्या नाटकातली नोरा नवऱ्याचं घर सोडून निघाली ती १८७९ मध्ये! देवलांचं ‘शारदा’ (१८९९) तर पदांनी भरलेलं संगीत नाटक, आणि विषय म्हाताऱ्याशी लावलं जाणारं मुलीचं लग्न. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी उभी केलेली संगीत रंगभूमी अशी बोलत होती.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) वरवर महाभारत होतं. प्रेक्षकांना मात्र कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, द्रौपदीत भारतमाता, भीमात जहाल आणि धर्मराजात मवाळ स्पष्ट दिसले. इंग्रज सरकारलाही दिसले. १९१० मध्ये बंदी आली. नाटकाला घाबरणारी सरकारं इतरत्रही होती. केनियात १९७७ साली लेखक न्गुगी वा थिओंगोंनी कामिरीथू गावच्या लोकांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक केलं, तेव्हा सरकारने प्रयोग थांबवले आणि लेखकाला खटल्याविना तुरुंगात टाकलं. तिथलं सरकार तर स्वतंत्र देशाचं होतं.