रिव्ह्यू कोणाचा, पैसे कोणाचे

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला टाकलेली गाडी आणायला गेलो, तर गॅरेजमधल्या पोराने बिलाच्या आधी क्यूआर कोडच पुढे केला. "काका, फाइव्ह स्टार टाका ना. शेठ रोज मोजतात." गाडी अजून चालवूनही पाहिली नव्हती. तरी त्याच्या देखत पाच स्टार टाकून मोकळा झालो. घरी पोचायच्या आत ब्रेकची करकर पुन्हा सुरू.

दुकानाचं नाव पूर्वी तोंडोतोंडी व्हायचं, आणि ते तोंड ओळखीचं असायचं. लग्नाला आचारी ठरवायचा तर मावशीला विचारायचं. मावशीला तिखट जरा जास्तच लागतं हेही ठाऊक असायचं, त्यामुळे तिच्या शिफारशीतून तेवढं तिखट वजा करता यायचं. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटीही त्याच जगातली. दुकान एक, मालक गल्ल्यावर, काय बोलायचं ते समोर बोला.

शहरं पसरली, नव्या सोसायट्यांमध्ये शेजारीही नवखे, आणि प्लंबर बोलवायचा तर विचारायचं कोणाला अशी पंचाईत झाली. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली जस्टडायल ही फोनसेवा नेमकी इथे उपयोगी पडली. फोन फिरवला की जवळच्या दुकानांचे नंबर मिळत. विचारणाऱ्याला सगळं फुकट. पैसे भरायचे ते यादीत वर झळकू पाहणाऱ्या दुकानदाराने. माझ्या मते पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ याच हिशेबात आहे. वाचणारा एक, पैसे मोजणारा दुसरा. पुढे याद्यांना रेटिंग जोडलं गेलं, २००८ मध्ये दिल्लीत रेस्टॉरंटांची मेनूकार्डं स्कॅन करून सुरू झालेलं फूडीबे नंतर झोमॅटो झालं, नकाशावरच स्टार दिसू लागले. हिशेब फारसा बदलला नाही.

दुकानदाराला न आवडणारा रिव्ह्यू टिकणार की नाही, हा प्रश्न मात्र थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. माउथशट ही ग्राहकांची मतं छापणारी मुंबईची वेबसाइट २००० सालची. वाईट मतं काढून टाका म्हणून तिच्यावर नोटिसांचा मारा होई, आणि २०११ च्या आयटी नियमांनी त्या नोटिसांना धार आली. माउथशटने या नियमांना आव्हान दिलं. २४ मार्च २०१५ चा श्रेया सिंघल निकाल सगळ्यांना आठवतो तो आयटी कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द झालं म्हणून. पण त्याच निकालात कलम ७९ चा, म्हणजे इतरांनी टाकलेल्या मजकुराला वेबसाइट कितपत जबाबदार हे सांगणाऱ्या कलमाचा, अर्थही लागला, आणि ज्या याचिकांवर तो निकाल आला त्यांत माउथशटचीही होती. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असल्याशिवाय केवळ कोणाच्या तक्रारीवरून मजकूर काढण्याची सक्ती वेबसाइटवर राहिली नाही. आज गल्लीतल्या क्लिनिकबद्दल कोणी चार कडू ओळी लिहितो, त्याला थोडीफार सावली आहे ती या निकालाची.

खऱ्याला संरक्षण मिळालं, पण खोट्याचं काय? अमेरिकेत मायकल लुका या अर्थशास्त्रज्ञाने सिएटलमधल्या रेस्टॉरंटांची विक्री आणि येल्प या रिव्ह्यूच्या वेबसाइटवरचं रेटिंग ताडून पाहिलं. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढे, पण ते स्वतंत्र हॉटेलांचं. साखळीतल्या हॉटेलांना फरक पडत नव्हता, कारण त्यांचं नावच पुरेसं. म्हणजे ज्याची कोठेही शाखा नाही, त्यालाच स्टारची खरी निकड. मग खोट्या स्टारांचा बाजार भरायला कितीसा वेळ? २०१७ मध्ये लंडनच्या एका पत्रकाराने आपल्या बागेतली शेड खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर ट्रिपअॅडव्हायझर या प्रवाशांच्या रिव्ह्यू-साइटवर शहरातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट करून दाखवली. आपल्याकडे ‘घरबसल्या हॉटेलांना रेटिंग द्या, पैसे कमवा’ असे मेसेज व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर फिरू लागले. सुरुवातीला शेदोनशे रुपये खात्यात पडत, नंतर ‘टास्क’च्या नावाखाली लाखोंना गंडा. २०२३ मध्ये गुगलने नकाशावरचे १७ कोटींहून अधिक रिव्ह्यू रोखले किंवा काढले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० हे मानक आणलं. लिहिणारा कोण हे ईमेल, फोन किंवा एसएमएसने पडताळा, विकत घेतलेली मतं छापू नका, असं ते सांगतं. ते ऐच्छिक ठेवलं गेलं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकण्या-घेण्यावर थेट बंदी आली.

मी स्वतः हल्ली दोन-तीन स्टारवालेच वाचतो. पाचवाले ‘मस्त सर्व्हिस’च्या पुढे जात नाहीत, एकवाले पार्किंग न मिळाल्याचा राग मिसळीवर काढतात. ‘रस्सा चांगला, पण पाव कालचे’ असं कोणी लिहिलं की समजावं, हा माणूस तिथे जेवला आहे.

माझा गॅरेजचा रिव्ह्यू या सगळ्या चाळण्यांतून सहज खाली उतरला असता. माणूस खरा, मोबाइल खरा, बिलसुद्धा खरं. परवा तो उघडून दोन स्टारवर आणला आणि ब्रेकचं लिहिलं. तासाभरात शेठचा फोन. माझा नंबर बिलावर होताच.