सिम्युलेटरमधला ढग: दिसायला अस्सल, पण आतल्या वाऱ्याचं काय?

२१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान पठाणकोटच्या आसपास गारांच्या वादळात सापडलं. आत दोनशेहून जास्त माणसं, विमानाचं नाक फुटलेलं, विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने नंतर सांगितलं की मध्ये एकदा विमान मिनिटाला ८,५०० फूट या वेगाने खाली येत होतं, आणि तरीही पायलटनी ते श्रीनगरला सुखरूप उतरवलं. माझा पुतण्या रोज रात्री कॉम्प्युटरवर विमान उडवत बसतो, त्याने बातमी वाचून विचारलं, "काका, माझ्या सिम्युलेटरमध्ये हुबेहूब असलेच ढग असतात, मग पायलट लोकांची प्रॅक्टिस त्यावरच का नाही करून घेत?" प्रश्न रास्त आहे. पण ढग दिसतो कसा हा एक प्रोग्रॅम असतो आणि ढगातली हवा वागते कशी हा दुसरा, आणि पहिला जेवढा पुढे गेलाय त्याच्या मानाने दुसरा फार मागे राहिलाय.

२००६ च्या सिम्युलेटरमधले ढग ज्यांनी बघितलेत त्यांना आठवत असेल, ते म्हणजे सपाट चित्रं, फक्त तुम्ही कुठूनही बघा ती तुमच्याकडेच तोंड करून वळायची. लांबून छान, पण आत शिरलं की सगळी पोल खुलायची. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला, फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने बनवलेला, हवामानाचा डेटा स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लूकडून. त्यात ढगाला खरोखरची जाडी आली. २०२२ मध्ये एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही तसंच झालं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे प्रकाशाचं गणित, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

साध्या पांढऱ्या ढगात एका घनमीटर हवेत पाणी असतं साधारण पाव-अर्धा ग्रॅम. फक्त एवढंच. पण ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थेंबांमध्ये वाटलेलं असतं, त्यामुळे थेंबांची संख्या प्रचंड होते आणि प्रकाशाचा किरण सरासरी २० ते २५ मीटर गेला की कुठल्या तरी थेंबावर आदळतोच. म्हणजे २२ मीटरवर न आदळलेला प्रकाश ३७ टक्के उरतो, ६६ मीटरवर ५ टक्के, १०० मीटरवर जेमतेम १ टक्का. हाच तो बिअर-लॅम्बर्टचा नियम, अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीत भेटतो. मूळ शोध त्याहून जुना, १७२९ मधला, पिअर बूगेरचा.

आता गंमत अशी की थेंब प्रकाश गिळत नाहीत, नुसता वळवतात. तेही बहुतेक वेळा थोडासाच, किरण ज्या दिशेला चालला होता साधारण तिकडेच. सूर्य ढगाच्या मागे असताना कडा लखलखते ती यामुळे. सिम्युलेटरमध्ये या वळण्यासाठी जे सूत्र वापरतात ते १९४१ मध्ये हेन्यी आणि ग्रीनस्टीन या दोघांनी ताऱ्यांमधल्या धुळीसाठी मांडलं होतं, आकाशगंगेतल्या धुळीचं सूत्र आज घरच्या ग्राफिक्स कार्डात ढग उजळतंय!

यातूनच एक मोठा गैरसमज निघतो तोही निपटून टाकू. "काळा ढग म्हणजे पाण्याने भरलेला ढग" असं आपण सर्रास म्हणतो. पाण्याचा रंग वगैरे काही काळा नसतो. एक किलोमीटर जाडीच्या ढगात प्रकाश शेकडो वेळा इकडून तिकडे वळत वळत बराचसा वरूनच परत जातो आणि थोडा खाली झिरपतो, म्हणून बूड राखाडी दिसतं. वादळी ढग, म्हणजे क्युम्युलोनिंबस, दहा-बारा किलोमीटर उंच असतो आणि दाटही जास्त, तिथे खालपर्यंत एखादा टक्का प्रकाश पोचला तरी खूप झालं. तोच ढग वरून बघा, डोळे दिपतील इतका पांढरा. सिम्युलेटरमध्ये हे स्वतः करून बघण्यासारखं आहे, आधी बुडाखालून जा आणि मग चाळीस हजार फुटांवर चढून त्याच ढगाकडे बघा.

पण हे सगळं कॉम्प्युटरने सेकंदाला ३० वेळा करायचं कसं? पद्धत अशी: स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यातून एक काल्पनिक किरण ढगात सोडायचा, त्यावर पावलापावलाने पुढे जायचं, प्रत्येक पावलाला विचारायचं की इथे ढग किती दाट आहे, आणि परत तिथून सूर्याच्या दिशेने पाच-सहा पावलं टाकून बघायचं की इथवर ऊन किती पोचतंय. साध्या एचडी स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ठिपके, प्रत्येकी ६४ पावलं, प्रत्येक पावलाला सूर्याकडची ६, झाले एका फ्रेमला जवळपास ८० कोटी हिशेब. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर २,४०० कोटींच्या घरात. घरचं मशीन यात गुडघे टेकणार. म्हणून २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या गेरिला गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या मंडळींनी एक युक्ती सर्वांसमोर मांडली: एका फ्रेममध्ये सोळापैकी एकच ठिपका नव्याने काढायचा, बाकीचे पंधरा मागच्या फ्रेममधून सरकवून घ्यायचे. ढग काही पळत नाही, त्यामुळे डोळ्याला कळत नाही. आणि प्रकाशाचं ते शेकडो वेळा वळणं तर कोणी मोजतच नाही, ढग मुद्दाम जरा विरळ समजून तोच बिअरचा नियम दोन-तीनदा लावतात आणि बेरीज करतात. फिजिक्सच्या दृष्टीने ही सरळ लबाडी आहे, पण इतकी हुशार लबाडी की मला तिचं फार कौतुक आहे.

आणि ढगाचा आकार? तो येतो नॉइजमधून. केन पर्लिनने १९८५ मध्ये मांडलेला नॉइज, म्हणजे एका आकड्यातून दुसऱ्यात हळूहळू सरकणारी रँडमनेस, यासाठी त्याला १९९७ मध्ये ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. त्यात स्टीव्हन वर्ली याचा १९९६ चा नॉइज उलटा करून मिसळला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे तयार होतात. म्हणजे नीट बघा, या ढगात कुठेही गरम हवा वर चढलेली नाही, वाफेचं पाणी झालेलं नाही, तो फुगलेला दिसतो फक्त आकड्यांमुळे.

विजेचंही तेच. खऱ्या ढगात शून्याखाली दहा-वीस अंशांच्या थरात गारेसारखे मऊ गोळे आणि बर्फाचे बारीक कण एकमेकांवर आपटतात, सोबत गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असतं, आणि त्या टकरीत विद्युतभार वेगळे होतात. हलके कण वर जातात, जड गोळे खाली राहतात, आणि ढगाचे दोन टोकांचे भार वाढत जातात. सिम्युलेटरमध्ये बहुधा "वादळ आहे ना, मग अधूनमधून वीज चमकव" एवढंच असतं. आणि विषय निघालाच आहे तर, पायाळू माणसावर वीज पडते हे आपल्याकडे अजून कित्येक घरांत खरं मानतात, पावसाळ्यात त्या माणसाला अंगणातसुद्धा जाऊ देत नाहीत. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोकं, याचा विजेशी काडीचाही संबंध नाही. उघड्यावर उंच काय आहे, तुम्ही झाडाखाली उभे आहात का, याचा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं दामिनी अ‍ॅप फोनवर टाका, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं, ते जास्त कामाचं.

आता वाऱ्याकडे येऊ. वादळी ढगाचा एक कोष अर्ध्या-एक तासात जन्मतो, वाढतो आणि मरतो. शेवटच्या टप्प्यात पाऊस आणि गारा हवेला खाली ओढतात, थेंबांचं बाष्पीभवन होऊन हवा आणखी गार आणि जड होते आणि धाडकन जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. हा मायक्रोबर्स्ट. वादळांचे अभ्यासक टेड फुजिता यांनी २४ जून १९७५ च्या न्यूयॉर्कमधल्या ईस्टर्न ६६ या प्रवासी विमानाच्या अपघातावर काम करताना हा खाली कोसळणारा वारा ओळखला. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून ३० नॉटचा (ताशी साधारण ५५ किलोमीटर) वारा लागतो, एअरस्पीड, म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग, १४० चा १७० दाखवतो, पायलटला वाटतं वेग जास्त झाला म्हणून तो इंजिन कमी करतो, मग वरून दाब येतो, आणि लगेच मागून ३० नॉट, एअरस्पीड ११०. जमीन काही शे फुटांवर. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला डेल्टा १९१ हे विमान असंच पडलं. त्याच्या रेकॉर्डरवरून तिथला वारा परत उभा केला गेला, आणि अपघातांतून असे काढलेले वारे पायलटांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये आले. म्हणजे पायलट जी प्रॅक्टिस करतात ती ढगातून निघालेल्या वाऱ्याची नसते, आधी ठरवून दिलेल्या वाऱ्याची असते. खिडकीत दिसणारा ढग तिथे नुसती सजावट.

मग ढगातून वारा का नाही काढत? कारण मायक्रोबर्स्ट चार किलोमीटरपेक्षा लहान आणि काही मिनिटांचा. आयआयटीएमने मे २०२५ मध्ये आणलेलं भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल सहा किलोमीटरच्या चौकोनात हवामान बघतं, जगभरासाठी चालणाऱ्या मॉडेलमध्ये हे फारच बारीक, आणि तरी अख्खा मायक्रोबर्स्ट त्या एका चौकोनात हरवून जाईल. घरचा सिम्युलेटर अशाच मॉडेलच्या आकड्यांवर जगतो. डोंगरावरून चढणारा वारा तो बऱ्यापैकी काढतो, कारण डोंगर जागचा हलत नाही. ढगाच्या आत मात्र बहुतेक वेळा वाऱ्यात रँडम हिसके मिसळलेले असतात, विमान हलतं, पण का हलतंय याला कारण नसतं.

तुमचा सिम्युलेटर किती पाण्यात आहे हे तपासायला विमान उडवायचीही गरज नाही. वळवाचा पाऊस यायच्या आधी आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीये, उकाडा असतो, मग एकदम गार वारा सुटतो, धूळ उडते, दारं-खिडक्या आपटतात, आणि पाऊस त्यानंतर पाच-दहा मिनिटांनी. तो गार वारा म्हणजे ढगातून खाली येऊन पसरलेली हवाच. तर सिम्युलेटरमध्ये विमान रनवेवर उभं करा, आठ-दहा किलोमीटरवर वादळ लावा, ते जवळ येऊ द्या, आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी रनवेजवळची कापडी नळी) आणि बाहेरचं तापमान बघत बसा. पाऊस पडायच्या आधी वारा फिरला आणि पारा पाच-सात अंश उतरला तर त्या ढगाच्या आत काहीतरी हवा आहे. पुतण्याच्या मशीनवर आम्ही लावून बघितलं, पाऊस काचेवर आला तरी विंडसॉक होता तिथेच होता.