रेटिंग कमी मिळालं म्हणूनच माणूस चिडतो?

एप्रिलमध्ये कर्मचाऱ्यांच्या वर्षभराच्या कामाचं रेटिंग लागलं की वरिष्ठांचं एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: 'ज्याला रेटिंग कमी, त्याला सगळंच अन्यायाचं वाटणार.' हे अर्धंच खरं आहे. निकाल काय लागला याबरोबर तो कसा लावला, याचाही हिशेब माणूस मनात वेगळा मांडत असतो. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ साली न्यायालयीन तंट्यांवरच्या संशोधनातून हे मांडलं. बाजू मांडायची संधी मिळाली, तर विरोधात गेलेला निकालही लोकांना जास्त न्याय्य वाटतो.

यावर लगेच शंका येते: बोललं की निकाल फिरेल, या आशेमुळे तसं वाटत असेल. लिंड, कॅनफर आणि अर्ली यांनी १९९० मध्ये नेमकी हीच आशा काढून टाकली. विद्यार्थ्यांना एक काम आणि त्याचं उद्दिष्ट दिलं. काहींचं मत उद्दिष्ट ठरण्याआधी घेतलं, काहींचं ठरल्यानंतर, काहींना विचारलंच नाही. आधी विचारलेल्यांना प्रक्रिया सर्वांत न्याय्य वाटली, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांच्या मताने आता काहीच बदलणार नव्हतं, त्यांनाही ती न विचारलेल्यांपेक्षा न्याय्य वाटली! म्हणजे बोलण्याला दोन प्रकारचं मोल आहे: निकालावरचा ताबा आणि या गटात आपल्याला मोजतात, ही खूण. ही खूण निकालावरच्या ताब्याशिवायही काम करते. मात्र ऐकण्याचं नाटक लक्षात आलं, तर राग दुप्पट होतो.

आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल वरिष्ठ दरवर्षी लिहीत तो गोपनीय अहवाल याच्या नेमका उलट होता. सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त या अभियंत्याच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून त्यांना कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा, म्हणजे त्यावर दाद मागता येईल.

कर्मचाऱ्यांच्या विकासासाठी हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारे तज्ज्ञ बोलावणाऱ्या कंपन्यांबद्दल काय लिहावं! अक्षरावरून कामगिरीचं भाकीत होत नाही, हे अनेकदा तपासून झालं आहे. त्यात कर्मचाऱ्याला उलट बोलायलाही जागा नाही.

या साऱ्याला एक अवघड बाजूही आहे. प्रक्रिया चोख असताना निकाल वाईट आला, तर स्वतःबद्दलचं मत अधिक घसरतं, असं जोएल ब्रॉकनर आणि इतरांच्या अभ्यासात दिसलं. कारण दोष द्यायला साहेब उरत नाही.